फेन्नेच्या दारी न आलेला सांगावा

फेन्ने परवा गेली. तिचा बाप मेल्याचं तिला शेवटपर्यंत कोणी रीतसर सांगितलं नाही. देवाला सगळं ठाऊक असतं, पण मागे राहणाऱ्यांना नसतं, म्हणून लिहून ठेवते.

धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. एसिंकांच्या शेतावरची ही एकुलती एक मुलगी, आणि तोंडाने भारी बडबडी. त्या घरात हे कुठून आलं कोण जाणे. तिचा बाप लामर्ट जेवणाआधी प्रार्थना म्हणायचा, जेवणानंतर हवेबद्दल एक वाक्य बोलायचा आणि तोंड मिटायचा. आई दीना त्याच्या तोंडाकडे बघून मान हलवायची. थोरला भाऊ रूलोफ बापावर गेलेला. फेन्ने मात्र दूध काढतानासुद्धा गाईशी गप्पा मारायची.

"गप गं जरा," लामर्ट म्हणायचा. "ऐकून ऐकून गाय आटेल."

"तुम्ही बोलत नाही म्हणून तर मला दोघांचं बोलावं लागतं, बाबा."

असं त्याला फक्त तीच बोलू शकायची. आणि तो चिडायचा नाही. कोपऱ्याकडे तोंड फिरवून हसायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मग तिने हेर्मनशी लग्न केलं. कापडगिरणीतला विणकर, सरळ माणूस, पण कॅथलिक, आणि आम्ही सगळे प्रोटेस्टंट. हॉलंडच्या या कोपऱ्यात, आमच्या ट्वेंटेत, तेव्हा याच्याहून वाईट काही नव्हतं. पोरीने चोरी केली असती तर चर्चच्या पाळकांनी समजावून घेतलं असतं. लग्नाच्या आदल्या दिवशी लामर्टने तिची जेवणाची खुर्ची अंगणात आणली, करवतीने पाय कापले आणि दूध काढताना बसायचं स्टूल केलं. रूलोफ त्यावर बसून दूध काढू लागला. त्या दिवसापासून घरात तिचं नाव घ्यायचं नाही, असं लामर्टने एकदाच सांगितलं. त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे.

हेर्मनला घर मिळालं ते कालव्याजवळ, आणि नेमकं मढ्याच्या वाटेवर. आमच्या वस्तीतून चर्चकडे जाणारी ही जुनी वाट. मयताची पेटी दुसऱ्या कुठल्याही रस्त्याने न्यायची नाही, चिखल असो की बर्फ. एरवी बाजाराच्या गाड्याही तिथूनच जातात. पहिला मुलगा झाला तेव्हा फेन्ने बाळ घेऊन फाटकाशी उभी राहिली. लामर्टची गाडी आली. चाक रुतलं होतं, तेव्हा त्याला थांबावंच लागलं, अगदी तिच्यासमोर.

"बाबा, तुमचा नातू," ती म्हणाली.

लामर्टने खाली उतरून चाक मोकळं केलं. हात पुसले. वर चढला आणि घोडीला म्हणाला, "चल ब्लेस. इथे कोणी नाही."

फेन्नेने मला हे सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. "घोडीशी तरी बोलले," म्हणाली. पुढची कित्येक वर्षं तो बाजाराला जाताना तिथे आला की घोडीशीच बोलायचा. पाऊस येणार म्हणून, रायचं पीक यंदा बरं आहे म्हणून. इतर कुठे तो घोडीशी बोलत नसे. फेन्ने पडद्याआड उभी राहून ऐकायची. मला वाटायचं, आज ना उद्या हा माणूस खाली उतरेल. मी त्यासाठी प्रार्थनाही करत होते. तो उतरला नाही. एका मार्च महिन्यात पहाटे गोठ्यातच कोसळला आणि गेला.

आमच्याकडे मयताच्या घरच्यांनी हात लावायचा नसतो. सगळं शेजारी करतात. आम्ही बायका आंघोळ घालायला गेलो. घड्याळ थांबवलं होतं, आरसा भिंतीकडे फिरवला होता. दीना मावशी चुलीशी हात मांडीवर ठेवून बसली होती. पलीकडच्या शेतावरचा आरेंटकाका काळी हॅट घालून दारात उभा होता. तो पहिला शेजारी, म्हणजे सांगावा त्यानेच न्यायचा. दारोदार पायी जायचं, ठरलेले शब्द बोलायचे, जिन दारूचा एक पेला घ्यायचा, पुढच्या दाराला लागायचं. ज्याच्या दारी सांगावा आला त्याने मयताला यायचं. ज्याच्या दारी नाही आला, त्याने चर्चची घंटा कानाने ऐकली असली तरी त्याला कळलेलं नसतं. तो आला तर कोणी त्याच्याकडे बघत नाही.

"कोणाकोणाला?" आरेंटकाकाने विचारलं.

मावशी बोलू लागली. वरच्या अंगाची घरं, खालच्या अंगाची घरं, तिच्या माहेरचे, पाळकबुवा. एरवी एवढं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मग म्हणाली, "मधमाश्यांना सांगा. नाहीतर उडून जातील." काकाने मान हलवली. धन्याचं मरण पोळ्यांना सांगावंच लागतं. "गाईंना सांगा. म्हातारीला आधी, ती त्यांची लाडकी." काकाने मान हलवली. "ब्लेसला सांगा. हळू सांगा, ती बुजते."

"सांगतो. आणखी कोणी?"

मावशी मेलेल्या नवऱ्याकडे बघू लागली. ओठ हलले. माणूस थंड पडला होता, हनुवटीला फडकं बांधलेलं होतं, तरी त्याच्यासमोर तिच्या तोंडून ते नाव निघेना. शेवटी म्हणाली, "कोणी राहिलं का बघा."

खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. गरम पाण्याचं भांडं माझ्या हातात होतं. मीच म्हणाले, "फेन्ने राहिली."

रूलोफने मान वर केली नाही. "बायकांनी आंघोळ घालायची असते," तो म्हणाला. "सांगावा काकांचं काम आहे."

"म्हणजे मी कालव्याकडे जाऊ की नको?" काकाने विचारलं. तो वाईट माणूस नव्हता, पण त्याला कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं.

"तिकडे कोण राहतं?" रूलोफ म्हणाला.

काकाने मावशीकडे पाहिलं. तिने एप्रनचं टोक दुमडलं, उलगडलं, पुन्हा दुमडलं. काका गेला. खिडकीतून मी त्याला पोळ्यांपाशी वाकलेला पाहिला. पोळ्याच्या एकेका टोपलीवर बोटाने टकटक करून तो सांगत होता, "धनी गेले. धनी गेले." मग गोठ्यात गेला. प्रत्येक गाईच्या कानाशी थांबला. घोडीच्या मानेवर हात ठेवून तो तिच्याशी इतक्या मायेने बोलला की मला बघवेना.

दुपारी मी पाव घेऊन फेन्नेकडे गेले. घंटा तिने ऐकली होती. उंबरठा घासला होता, अंगणात पांढरी वाळू टाकली होती, काळे कपडे घालून खुर्चीत बसली होती. टेबलावर जिनचा पेला भरून ठेवलेला. तिच्या घरात जिन नसायची, हेर्मन पीत नसे. शेजारणीकडून मागून आणलेली.

"फेन्ने," मी म्हणाले, "अगं, तुझे बाबा..."

तिने हात वर केला. "तू सांगू नकोस. तुझं सांगणं चालत नाही."

"मैत्रीण म्हणून सांगते."

"मैत्रीण म्हणून पाव आणलास, तेवढं पुरे. मुलीला शेजारी सांगतो."

हेर्मन चुलीपाशी पाइप घेऊन बसला होता. "तुमच्या लोकांचं मला काही कळत नाही," तो म्हणाला. "बाप तुझा. दार लोटून आत जा, बघून ये."

"दार लोटून चोर जातो."

"आणि तो हॅटवाला आलाच नाही तर?"

"येईल. त्याला इथूनच पुढे जायचंय."

ते खरं होतं. आम्ही तिघं तिथेच होतो तेव्हा काका वाटेवर दिसला. अलीकडच्या घरात गेला, बाहेर आला, तोंड पुसलं. चाल थोडी सैल झाली होती. फेन्ने उठली, तिने कपड्यावरून हात फिरवला आणि दार उघडून उभी राहिली. काका फाटकापर्यंत आला. तिला पाहिलं. हॅटला हात लावला, जसा आपण रस्त्यात कोणालाही लावतो. आणि पलीकडच्या घराकडे गेला. तिथून त्याचा आवाज आम्हाला स्वच्छ ऐकू आला. "शेजाऱ्यांच्या वतीने सांगायला आलोय. लामर्ट एसिंक देवाघरी गेले. गुरुवारी माती. आपण यावं."

फेन्ने दारातच उभी होती. "माझ्याकडे परत येताना येणार असतील," ती म्हणाली.

संध्याकाळी काका आमच्याकडे पोचला तेव्हा जीभ जड झाली होती. माझे यजमान एफर्ट म्हणाले, "काका, शेवटच्या दारापर्यंत मेलेल्या माणसाचं नाव तरी बदललं नाही ना?"

काका हसला. मी विचारलं, "फेन्नेचं काय?"

त्याचं हसू गेलं. "मधमाश्यांना सांगितलं," तो म्हणाला. "गाईंना सांगितलं. मी माझं काम केलंय, बाई." आणि पेला पुढे केला.

गुरुवारी पेटी गाडीवर चढवली. आमच्या रीतीप्रमाणे दीना मावशी पेटीशेजारी पेंढ्यावर बसली. रूलोफ ब्लेसचा लगाम धरून चालत होता, आम्ही मागे. वाट एकच, तेव्हा गाडी फेन्नेच्या दारावरून जाणारच होती. ती उंबरठ्यावर उभी होती, त्याच काळ्या कपड्यांत. तिच्यामागच्या खिडकीतून टेबल दिसत होतं. पेला अजून भरलेला.

गाडी तिच्यासमोर आली आणि मावशी मोठ्याने बोलली. इतक्या मोठ्याने की मागच्या रांगेतल्यांनीही माना वर केल्या.

"ब्लेस, तुला सांगितलं ना गं? मालक गेले. तुझे मालक गेले."

कोणाला म्हणत होती ते लहान मुलालाही कळलं असतं. फेन्ने एक पाऊल पुढे आली. आता फक्त नाव हवं होतं. मावशीचं तोंड उघडं होतं, ती पोरीकडेच बघत होती. रूलोफने लगामाला हिसका दिला आणि गाडी पुढे गेली. फेन्ने मागे आली असती तर तिला कोणी हाकललं नसतं. कोणी बोललंही नसतं. ती आत गेली. पाळकबुवा त्या दिवशी क्षमेवर फार छान बोलले. नंतर एसिंकांच्या घरी कॉफी झाली, मनुकांचा पाव झाला.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर तिने जिन बाटलीत ओतून बाटली शेजारणीला परत केली होती.

"आईने सांगितलं की तुला," मी म्हणाले. "सगळ्यांच्या देखत."

"घोडीला सांगितलं," फेन्ने म्हणाली. "बाबा घोडीशी बोलायचे ते मी पडद्यामागून चोरून ऐकायचे. आता आईचंही तसंच ऐकू?"

त्यानंतर ती बदलली. बोलणं आटलं. चार शब्द लागतील तिथे दोन वापरायची. मुलांना हाका मारण्याऐवजी दारावर चमचा वाजवायची. हेर्मन एकदा मला म्हणाला, "लग्न बडबडीशी केलं आणि म्हातारा होतोय लामर्टबरोबर." तो हसत म्हणाला होता, पण तिला ते ऐकू गेलं आणि मग तिने आठवडाभर दोनही सोडले.

मावशी पुढे काही वर्षं जगली. ती फेन्नेकडे गेली नाही, फेन्ने तिच्याकडे आली नाही. दोघींच्या घरांमध्ये एक कुरण आणि एक पूल. शेवटच्या आजारात मी तिच्या उशाशी बसायचे. एका सकाळी तिने आरेंटकाकाला बोलावून घेतलं. रूलोफ खोलीत होता, तरी ती म्हणाली, "मी गेले की पहिला सांगावा फेन्नेला. फेन्नेला. ऐकलंत ना? फेन्नेला." एकदा तोंडून निघालं तशी ती तेच नाव घेत राहिली, दुपारपर्यंत, दम संपेपर्यंत. रूलोफ बाहेर निघून गेला. मी देवाचे आभार मानले.

काका आता काठी टेकत चालायचा. मावशी गेली तेव्हा सांगावा द्यायला त्याच्यासोबत मीही निघाले. पोळ्यांकडे न जाता, गोठ्याकडे न जाता तो सरळ कालव्याकडे गेला. फेन्नेने दार उघडलं. काकाने हॅट काढली. खरं तर काढायची नसते.

"शेजाऱ्यांच्या वतीने सांगायला आलोय. दीना एसिंक देवाघरी गेली. शनिवारी माती. आपण यावं." एवढं म्हणून तो थांबला. मग ठरलेल्या शब्दांच्या बाहेर जाऊन म्हणाला, "तिने नाव घेऊन सांगितलंय, पोरी. कितीतरी वेळा घेतलं."

फेन्ने त्याच्या हातातल्या हॅटकडे बघत होती. चेहऱ्यावर काही नव्हतं. एसिंकांच्या चेहऱ्यावर नसतंच.

"चला काका," ती म्हणाली. "इथे कोणी नाही."

आणि दार लावलं.

काका तसाच उभा राहिला. त्याला पुढची घरं गाठायची होती, शेवटी तो गेला. मी मागच्या बाजूने गेले. वाटलं, आता मी तरी तिला जवळ घेईन. परसातल्या छपराखाली त्यांची शेळी बांधलेली असायची. फेन्ने तिथे मातीत गुडघे टेकून बसली होती. शेळीची मान तिने दोन्ही हातांनी धरली होती.

"आई गेली," ती शेळीच्या कानात सांगत होती. "ऐकतेस ना? माझी आई गेली."

शेळी मान सोडवून घेऊन चाऱ्याकडे वळली. मी पुढे झाले नाही. माझं तिथे असणं तिला चाललं नसतं. शनिवारी पेटी त्याच वाटेने गेली, आणि तेव्हा फेन्नेच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता.