आजोबांची शब्दबंदी

व्याकरणाचे मास्तर निवृत्त झाले तेव्हा शाळेने सुटकेचा निःश्वास टाकला आणि घराने धसका घेतला. समोर वर्ग उरला नाही, म्हणून घरच्यांचाच वर्ग झाला. संध्याकाळी बागेतल्या बाकावर मात्र त्यांना तोडीस तोड माणूस भेटायचा, एक निवृत्त इंजिनियर. माणूस बोलायला कसा लागला, यावरून दोघांची रोज जुंपायची.

"प्राण्यापाखरांची नक्कल करत करत," इंजिनियर म्हणायचा.

"म्हणजे कुत्र्याने भाषा दिली का आपल्याला?" मास्तर उसळायचे. "शब्द माणसाच्या पोटातच असतात. शिकवावे लागत नाहीत."

"मग दाखवा की सिद्ध करून."

झालं! मास्तरांनी घरी येऊन फर्मान काढलं. नात नुकतीच वर्षाची झाली होती, अजून बोलत नव्हती. यापुढे तिच्यासमोर कुणी चकार शब्द काढायचा नाही. माणसाचा मूळ शब्द तिच्या तोंडून आपोआप पडेल.

"आणि नाही पडला तर?" सुनेने विचारलं.

"तर इंजिनियर जिंकेल," मास्तर म्हणाले. याहून मोठं संकट त्यांना सुचलं नाही.

विमा विकणारा मुलगा न्हाणीघरात कडी लावून फोन करू लागला. मागे नळ वाहत असल्यामुळे एका गिऱ्हाइकाने घाबरून पुराचाच विमा मागितला. आजी आणि सून हातवाऱ्यांवर आल्या आणि बघता बघता त्यात इतक्या तरबेज झाल्या की मास्तरांच्या तोंडावर त्यांची टिंगल चालायची. सून चष्मा नाकावर घसरल्यासारखं करून मान ताठ करायची, आजी उशीत तोंड खुपसून हसायची. मास्तरांना एवढंच कळायचं, की विषय आपलाच आहे.

कुणाच्या तोंडून शब्द निसटला की ते ओठांवर बोट ठेवून "श्श्!" करत. भांडं पडलं, श्श्. शेजारीण दारात आली, श्श्.

एका दुपारी त्यांनी इंजिनियरला साक्षीदार म्हणून चहाला बोलावलं. नात चटईवर ठोकळे रचत होती. पण ऐकणारा समोर असताना मास्तरांना राहवेना. त्यांनी आपला सिद्धांत सुरू केला, तो थांबेचना.

नातीने मान वर केली. कपाळाला आठ्या घातल्या, ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "श्श्!"

इंजिनियरला चहाचा ठसका लागला. "नक्कल! मी म्हटलंच होतं. फक्त प्राणी ओळखायला चुकलो."

"हा शब्द नाही," मास्तर कसेबसे म्हणाले. "नुसता आवाज आहे."

"अहो, ती बोलली आणि तुम्ही गप्प बसलात," आजीने इतक्या दिवसांनी तोंड उघडलं. "शब्द म्हणजे आणखी काय असतं?"

मग तिला कोण अडवणार? सूनही सुटली. मुलगा न्हाणीघरातून फोन हातात घेऊनच बाहेर आला. मास्तरांचे कान लाल झाले होते. पण नात आपल्याकडे टक लावून बघतेय, आपण पुढे काय बोलतोय याची वाट बघतेय, हे त्यांना दिसलं.

त्यानंतर आठवडाभर ते बागेत फिरकले नाहीत. गुडघे दुखत असूनही चटईवर बसून ते नातीला एकेक वस्तू दाखवत.

"हा चेंडू."

"बू."

"चेंडू."

"बू!"

"बरं बाई, बू," मास्तर म्हणाले, आणि खिडकीखाली इंजिनियर तर उभा नाही ना, ते एकदा वाकून पाहून आले.