मिरच्यांचा ठसका

शेजारी कुणाची तरी दृष्ट काढली. जळक्या मिरच्यांचा वास आला आणि मी सोलापूरच्या आमच्या स्वयंपाकघरात परतले.

दहावीत मी अंथरुणातून उठेना, जेवेना, बोलेना. आईनं मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या. दृष्ट लागलेली असली की ठसका येत नाही म्हणतात. मी श्वास कोंडून देवाला विनवत होते, कुणालाच ठसका येऊ नये. मला खरंच काहीतरी झालंय, हे तरी ठरेल. आधी आत्या खोकली, मग आई, शेवटी मीच.

"दृष्ट न्हाय, नाटकं हायत की हिची," आत्या म्हणाली.

आईनं धुरानं भरलेले डोळे पुसले आणि त्याच हातानं मला थोबाडीत दिली. दुसऱ्या दिवशी मी उठले, वेणी घातली, हसलेसुद्धा.

"एका थोबाडीत बरी झाली की पोरगी," आई अजून कौतुकानं सांगते. तेव्हाही मी तश्शीच हसते.