सात सेंटीमीटरचा किलोमीटर

१४ जून, मंगळवार. दूधवाला अर्धा तास उशिरा. गॅलरीतली कपड्यांची दोरी तुटली, नवी बांधून घेतली. दुपारी तळमजल्यावरच्या टेलरबाई डोळे पुसत वर आल्या. त्यांच्या ठकीला शाळेची बस नाकारली. नाकारणारे आमचेच भाऊजी.

भाऊजी म्हणजे माझ्या यजमानांचे धाकटे भाऊ. चौतीस वर्षं नगरकचेरीच्या नकाशाखोलीत बसतात. घरात सगळे त्यांना ‘फूटपट्टी’ म्हणतात, अर्थात ते उठून गेल्यावर. खिशात पेन नसेल एक वेळ, पण स्टीलची पट्टी असतेच. लग्नानंतर आठवड्याभरात त्यांनी पलंगाची रुंदी मोजून जाऊबाईंना त्यांची हद्द दाखवली होती. गावातली कुठली गल्ली किती लांब, हे ते झोपेतही सांगतील. मात्र भाजी आणायला पाठवलं तर परतीची वाट विचारत येतात. गाव त्यांनी कागदावर पाहिलंय. प्रत्यक्ष पाहायची वेळ आली नाही, आणि आली तेव्हा ऊन होतं.

शाळेच्या बसचा नियम सोपा आहे. घर शाळेपासून दोन किलोमीटरपेक्षा लांब असेल तर मुलाला जागा, नाहीतर पायपीट. अंतर भाऊजींनी मोजायचं. ठकीचं त्यांनी दीड किलोमीटर काढलं. ठकी सात वर्षांची, दप्तर तिच्याहून जड, आणि वाटेत मालट्रकांचा रस्ता दोनदा ओलांडावा लागतो. टेलरबाई सकाळी तिला सोडायला गेल्या तर शिलाईची गिऱ्हाइकं कुलूप पाहून परत जातात. हरकत घ्यायची मुदत उद्या दुपारपर्यंत.

टेलरबाईंनी अर्जासोबत मिळालेला नकाशा माझ्यापुढे ठेवला. वहीच्या पानाएवढी झेरॉक्स. घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता लाल शाईने आखलेला, शेजारी भाऊजींच्या रेखीव अक्षरात ‘१५ सें.मी.’ कोपऱ्यात छापलं होतं, एक सेंटीमीटर म्हणजे शंभर मीटर. हिशेब बिनचूक. पण शाळेत आम्हाला भूगोल शिकवणाऱ्या सिस्टर नकाशा उघडला की आधी तळाच्या प्रमाणपट्टीवर बोट ठेवायला लावत. या नकाशाच्या तळाशीही पट्टी होती, एक किलोमीटरची. मी ती मोजली. दहा सेंटीमीटर भरायला हवी होती. भरली सात.

संध्याकाळी भाऊजींना चहाला बोलावलं. जाऊबाईही आल्या.

“भाऊजी, कचेरीतला मूळ नकाशा केवढा आहे हो?”

“मोठा आहे. फाईलमध्ये मावत नव्हता. सहा वर्षांपूर्वी मी मशीनवर लहान करून घेतला. किती सुटसुटीत झालाय बघा.”

“रस्ते लहान झाले?”

“सगळंच लहान होतं, वहिनी. मशीन आहे ते.”

“आणि कोपऱ्यातलं ते वाक्य?”

“ते आहे तसंच आहे. छापील आहे!” हे त्यांनी असं म्हटलं, जणू त्या वाक्याने परीक्षा पास केली होती.

“मग खालची पट्टी मोजा बरं जरा.”

“पट्टी सामान्य लोकांसाठी असते. आम्ही आकडा बघतो.”

“मग आज सामान्य व्हा पाच मिनिटं.”

त्यांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली. सात. चष्मा पुसला. सात. पट्टी उलटी धरून पाहिली. कागदावरचा किलोमीटर काही वाढेना.

“अहो, दुसरी पट्टी आणू का?” जाऊबाई म्हणाल्या. “मोजून मोजून तुमची झिजली असेल.”

सात सेंटीमीटरला एक किलोमीटर, तर पंधराला दोनाहून जास्त. हे ठकीनेही बोटांवर केलं असतं. भाऊजींनी चहाचा कप बशीत ठेवला आणि आवाज खाली आणला.

“असं करू. मुलीला सवलत म्हणून बसवतो. आई एकटी आहे, असं लिहितो. मोजणीचा विषय नको. पुढच्या महिन्यात माझा निरोप समारंभ आहे.”

टेलरबाई दारातच उभ्या होत्या. “साहेब, सवलत या वर्षी मिळेल. पुढच्या वर्षी तुमच्या जागी आलेला म्हणेल, घर दीड किलोमीटरवर आहे, उतर खाली. मी एक बोटभर चुकले तरी उसवून पुन्हा शिवून देते. तुम्ही फक्त खरं अंतर लिहा.”

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी बिस्किटांची बशी त्यांच्यापुढून उचलली. त्यांनी पेन मागितलं, खिशात नव्हतंच. लाल रेघेशेजारचा आकडा खोडून ‘अंतर २.१ कि.मी.’ लिहिलं आणि खाली सही केली.

१५ जून, बुधवार. दुपारी मुदतीच्या आत ठकीला जागा मिळाली. सोबतच्या पत्रात असं होतं की, ‘सदर नकाशा हवामानामुळे आकसल्याचे निदर्शनास आल्याने अंतरात दुरुस्ती करण्यात येत आहे.’ सहा वर्षं कपाटात पडलेल्या कागदाला जूनमध्येच थंडी वाजली म्हणायची.

पत्र घेऊन भाऊजी स्वतः आले होते, सोबत जाऊबाई. मी विचारलं, “या नकाशावर आजवर किती मुलांना नाकारलंत?”

“असतील तीसेक.”

“त्यांना कळवणार?”

“आता काय कळवायचं, वहिनी? मोठी झाली ती. आणि चालून चालून तब्येती सुधारल्या असतील.”

“यादी आहे?”

“आहे, पण फाईल बंद झालीय.”

“मग उघडा. निरोप समारंभाला महिना आहे. रोज एक पत्र लिहिलंत तरी तीस होतात.”

ते चपला घालू लागले. जिना उतरताना जाऊबाईंनी त्यांना कचेरीचा रस्ता उजवीकडे आहे की डावीकडे, हे विचारल्याचं मला वरपर्यंत ऐकू आलं.

१६ जून, गुरुवार. ठकीचं नाव बसच्या यादीत लागलं. तीस पत्रांबद्दल भाऊजींकडून अजून काही नाही. उद्या पुन्हा विचारायचं. संध्याकाळी साखरेला मुंग्या लागल्या. डबा घासून पालथा घातला.