मालगाडीच्या गार्डाचं कडवं

बँजो म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर गणपतीच्या मिरवणुकीतली बेंजो पार्टी यायची. हातगाडीवर भोंगे, ताशांचा कडकडाट आणि मधोमध गळ्यात ते बटणांचं वाद्य अडकवलेला, घामाने निथळणारा वादक. जर्मनीत कायझर्सलाउटर्नला पीएचडी करत असताना इन्स्टिट्यूटच्या फलकावर ‘बँजो शिका, दर मंगळवारी’ असं वाचलं आणि मी त्याच ओढीने गेले.

चर्चमागच्या हॉलमध्ये पाहते तर वाद्य भलतंच. लांब दांडी, पाच तारा आणि खाली डफासारखं ताणलेलं गोल कातडं. शिकवणारे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले अमेरिकन होते. तरुणपणी सैनिक म्हणून या गावात आले, इथल्याच एका बेकरीवाल्याच्या मुलीशी लग्न केलं आणि इथलेच झाले. मी माझा घोटाळा सांगितला तसे ते खो-खो हसले. म्हणाले, “आता आलीच आहेस तर एक गाणं ऐकून जा.”

ते गाणं होतं होबोंचं. होबो म्हणजे अमेरिकेतले फिरस्ते मजूर. काम मिळेल त्या गावी जायचं, तिकिटाला पैसे नाहीत म्हणून मालगाडीत लपून जायचं, रेल्वेवाल्यांनी हाकललं की पुढची गाडी धरायची. सरांचे आजोबाही त्यांतलेच. गाण्यातल्या माणसाच्या पोटात अन्न नव्हतं, बुटांना तळ नव्हते, पण रड म्हणून नव्हती! तो स्वतःच्या भुकेचीच टिंगल करत होता, आणि खालून बँजो गाडीच्या चाकांसारखा धडधडत होता. माझे प्रयोग तेव्हा महिनोन्‌महिने फसत होते, आणि मी रोज चेहरा पाडून घरी जात होते. त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये मी मांडीवर ताल धरला होता.

पुढची दोन वर्षं मी सहसा मंगळवार चुकवला नाही. बँजोची पाचवी तार आखूड असते, ती अंगठ्याने मधूनमधून छेडत राहायची. माझा अंगठा काही केल्या ऐकेना. नवरा म्हणायचा, “गाडी सिग्नलला थांबली वाटतं पुन्हा.” आणि मग एके दिवशी भाताचा कुकर लावून सहज वाजवायला बसले आणि अंगठा आपोआप चालू लागला. नवरा आतून ओरडला, “आल्झो, चला, सुटली गाडी!” त्या आनंदात भात करपला.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात सासरे आमच्याकडे राहायला आले. बाबा भुसावळचे. सगळी नोकरी मालगाडीचे गार्ड म्हणून केलेली. एका संध्याकाळी मी वाजवत होते, तर ते खुर्ची ओढून समोर बसले.

“चाल झकास आहे. अर्थ काय गं?”

मी अर्थ सांगू लागले. लपलेला मजूर, थंडी, मालगाडी. बाबा मान डोलावत होते.

“आणि गार्ड? मालगाडी आहे म्हणजे गार्ड असणारच. तो काय करतो?”

मी चाचरले. “अहो बाबा, तो... धावत्या गाडीतून ढकलून देतो त्याला.”

बाबांचा चेहरा उतरला. “दुसऱ्या गाण्यात?”

“तिथे कुत्रा सोडतो.”

“एकाही गाण्यात बरा गार्ड नाही?”

“नाही.”

बाबा उठून गॅलरीत गेले. मला वाटलं, रागावले. थोड्या वेळाने मी चहा घेऊन गेले, तर कपाकडे बघत म्हणाले, “माझ्या गाडीतही चढायचे. थंडीच्या दिवसांत, पहाटे. ऊसतोडीला निघालेले, बांधकामावरचे. नियमाने उतरवायला हवं होतं. मी गार्डाच्या डब्यात घ्यायचो. शेगडीवर चहा असायचा, तो द्यायचो. पुढच्या स्टेशनाच्या अलीकडे गाडी हळू झाली की उतरायला लावायचो. कुणाला बोललो नाही कधी. तुझ्या सासूलासुद्धा.”

पुढच्या मंगळवारी मी बाबांना क्लासला घेऊन गेले आणि हा किस्सा सरांना सांगितला. सरांनी बँजो खाली ठेवला.  मग म्हणाले, “माझे आजोबा सांगायचे, असा एक गार्ड त्यांनाही भेटला होता. नाहीतर त्या रात्री ते गारठून मेले असते. पण त्याच्यावर कुणी गाणं केलं नाही. तुम्ही करा. शहरातल्या उत्सवात आपण ते गाऊ.”

मी भाषांतर केलं. बाबा म्हणाले, “मराठीत चालेल का विचार.”

“गेनाऊ! नेमकं तेच हवं!” मी भाषांतर करायच्या आधीच सर म्हणाले.

आम्ही दोघं त्या होबोंच्या गाण्यात घालायला एक कडवं जुळवायला बसलो. मी लिहिलं होतं, ‘हृदय माझं नरम आहे’. बाबांनी ते खोडलं. “डब्यात बसून कोण हृदय म्हणतं? जीव म्हण.” शेवटी झालं ते असं:

*चढ गड्या, चढ लवकर, चहा अजून गरम आहे,*
*नियम माझा कडक आहे, जीव माझा नरम आहे.*

उत्सव शनिवारी दुपारी होता. चौकात मंच, बाकं, सॉसेजचा धूर. गाणार मी होते, बाबा पहिल्या बाकावर इस्त्रीच्या शर्टात बसले होते. आमच्या आधीचा बँड वाजवत असतानाच पाऊस आला आणि आयोजकांनी मंचाची वीज बंद केली. माइक गेले, भोंगे गेले. त्या बँडची मुलं गिटारींवर प्लास्टिक टाकून पळाली. लोक दुकानांच्या छपराखाली दाटीने उभे राहिले.

सर म्हणाले, “होबोंकडे वीज कुठे होती? चला!”

आम्ही मंच सोडून छपराखालीच उभे राहिलो आणि सुरुवात केली. बँजोचा आवाज पावसातही खणखणीत उमटला, पण माझा गळा दोन रांगांपलीकडे पोचेना. मागचे लोक हात कानाशी नेऊ लागले. कडवं जवळ आलं. मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, शर्टाचं वरचं बटण सोडलं आणि गायला लागले.

तो आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. मालगाडीच्या शेपटापासून पार इंजिनापर्यंत हाक पोचवणाऱ्या माणसाचा आवाज होता तो. पल्याडच्या छपराखालची माणसं वळली. ‘गरम आहे, नरम आहे’ दुसऱ्यांदा आलं तेव्हा पुढच्या चार जर्मन आजीबाई ‘गाराम, नाराम’ म्हणू लागल्या, तिसऱ्यांदा सगळा चौक. अर्थ कुणालाच माहीत नव्हता. पायांनी ताल धरला होता, कुणी बिअरचे ग्लास बाकावर आपटत होतं. माझा अंगठा कसा चालला होता याकडे माझं लक्षही नव्हतं. बाबांनी हात उंच करून हिरवा झेंडा दाखवावा तसा हलवला आणि सरांनी चाल दुप्पट वेगात सोडली!

गाणं संपलं तेव्हा टाळ्या थांबेनात. सर बाबांसमोर आले, बोटं कपाळाला लावून त्यांना कडक सलाम केला. म्हणाले, “आजोबांच्या वतीने.”

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण बाबांनी मला हातानेच थांबवलं. त्यांना कळलं होतं. त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गर्दीकडे वळून मला विचारलं, “पुन्हा म्हणा म्हणतायत ना हे लोक?”

“हो बाबा.”

“मग वाजव की. बघतेस काय?”