जीभ बरी झाली

डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात आत्याची जीभ पाहिली. ती आता स्वच्छ, गुलाबी होती. तिच्यावरची जखम कितीतरी दिवस भरत नव्हती, तेव्हा आम्ही कॅन्सरच धरून चाललो होतो. जखमेचा तुकडा तपासल्यावर क्षयरोग निघाला. जिभेला तो क्वचितच होतो म्हणे. औषधं लागू पडली. पण बोलताना कळ यायची, म्हणून ते महिने आत्या घरात मुकीच राहिली. त्याच दिवसांत आतोबा झोपेतच गेले. आपण नवऱ्याशी शेवटचं काय बोललो, हे तिला आठवत नाही. शरीर आपल्या सवडीने बरं होतं. माणसं तोवर थांबत नाहीत.

“आजी, आता खुशाल बोला,” डॉक्टर म्हणाले.

आत्याने पदराने ओठ टिपले.

“कुणाशी?” तिने विचारलं. शब्द अगदी स्पष्ट होता.