हिरव्या वहीची शिलाई

माझे काका बाइंडर होते. सगळी गल्ली त्यांना बाइंडरकाका म्हणायची. नात्यानं काका ते फक्त माझे. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. तिच्यात कागद कापायचं मशीन, पुस्तकं दाबायचा शिकंजा, खळीचं पातेलं आणि मागं एक पडदा. पडद्यामागं खाट. लग्न केलं नव्हतं. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "खळ वाळायला आठ तास लागतात. तेवढा वेळ थांबणारी कोणी भेटली नाही."

दिवसभरात त्यांच्याशी बोलायची ती गिऱ्हाइकं, आणि गिऱ्हाइकं "कधी मिळेल?" एवढंच बोलतात. म्हणून दर रविवारी ते रस्त्याच्या टोकाच्या सभागृहात प्रार्थना मंडळात जायचे. देवाधर्माचं फार वेड होतं असं नाही. पण तिथं कोणीतरी विचारायचं, "काका, खोकला बरा का?" एकदा ते तापानं पडले तेव्हा मंडळातल्या दोघीजणी पाळीपाळीनं डबा घेऊन आल्या. ही गोष्ट ते मला प्रत्येक भेटीत सांगायचे, आणि दर वेळी त्यात एक बाई वाढलेली असायची.

मंडळाच्या प्रमुखांना सगळे मोठे भाऊ म्हणत. वयानं ते काकांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. मन बिघडवणारी पुस्तकं आणि गाणी घराघरांतून गोळा करून जाळायची, असं त्यांनी एका वर्षी ठरवलं. ज्यानं दिलं त्यानंच ते सगळ्यांसमोर आगीत टाकायचं, हा नियम. पहिल्याच रविवारी फजिती झाली. रेकॉर्डींचा असा काळा धूर निघाला, की शेजारच्या इमारतीतले लोक खिडक्यांतून शिव्या द्यायला लागले. आणि जाड पुस्तकं काही केल्या जळेनात. कडा काळ्या झाल्या, आतली पानं जशीच्या तशी. बंद पुस्तकाच्या पानांत हवा शिरत नाही, त्यामुळे आग कडेलाच अडते.

सोमवारी मोठे भाऊ दोन पोती घेऊन दुकानात हजर.

"काका, तुम्ही बांधलेली पुस्तकं जळत नाहीत हो!"

"मग काम चांगलं झालंय म्हणायचं."

"आता तुम्हीच सोडवून द्या. पुठ्ठे वेगळे, पानं वेगळी. ज्याचं त्याला ओळखू येईल असं ठेवा फक्त. शनिवारपर्यंत होईल?"

त्या वेळी वाईट वाटलं नाही, असं काकांनी मला पुढे सांगितलं. उलट आनंद झाला. मंडळाला आपली गरज पडली. भाऊ अर्धा तास बसले, चहा प्यायले, काकांच्या हातांचं कौतुक करून गेले.

काम सोपं होतं. पाठीवरचं कापड सोलायचं. आत सोळा-सोळा पानांच्या घड्या असतात, त्यांना फर्मे म्हणतात. ते फर्मे धरून ठेवणारा दोरा कापायचा. एकदा सुरी फिरवली की पुस्तक पत्त्यांसारखं सुटतं. बुधवारी पहिलं पोतं संपलं. कादंबऱ्या होत्या, गाण्यांची पुस्तकं होती, शरीराची माहिती देणारं एक पुस्तक होतं. काकांनी एकही वाचलं नाही. वाचत बसणाऱ्या बाइंडरचं काम कधी पुरं होत नाही, असं त्यांचं ठाम मत.

दुसऱ्या पोत्यात हिरव्या कापडाची वही निघाली. अकरा वर्षांपूर्वी ती काकांनीच शिवली होती, गाण्याच्या बाईंसाठी. बाई आता मंडळात यायच्या, शिकवण्या त्यांनी बंद केल्या होत्या. तेव्हा मात्र त्या वडिलांच्या हातचे कागद घेऊन आल्या होत्या. वडिलांनी बांधलेल्या सगळ्या चाली त्यात होत्या.

"उघडली की सपाट राहिली पाहिजे हं," त्या म्हणाल्या होत्या. "वाजवताना दोन्ही हात अडकलेले असतात. वही मिटली की मी बुडाले."

काकांनी ती तीनदा शिवली, तीनदा उसवली. चौथ्यांदा जमली तेव्हा बाईंनी ती दुकानातल्या टेबलावरच उघडून ठेवली. मग मिटते का ते बघत दोघं उगाचच बराच वेळ बसून राहिले.

छापलेलं पुस्तक जळलं तरी दुसरी प्रत कुठंतरी असते. हिची नव्हती. काकांनी पाठ सोलली, दोरा कापला आणि पानं शिकंज्याखाली सरकवली. शेजारच्या छापखान्यातून रद्दीत आलेले नळजोडणीचे बिघडलेले अर्ज होते. ते वहीच्या मापानं कापले आणि हिरव्या पुठ्ठ्यात घातले.

रविवारी पाळी आली तेव्हा बाईंनी आगीसमोर पुठ्ठा उघडला. वरच ठळक अक्षरांत 'अर्जदाराचे संपूर्ण नाव'. बाई तशाच उभ्या राहिल्या.

"अवघड वाटतंय का, बाई?" भाऊंनी मऊ आवाजात विचारलं.

"नाही."

त्यांनी गठ्ठा आत टाकला. छान पेटला. काकांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मंडळ सुटताना भाऊ प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे, "आमच्यापासून काही लपवलंय?" आणि प्रत्येकानं खरं उत्तर द्यायचं. त्या दिवशी बाई किंचित थांबून "नाही" म्हणाल्या. काकांची पाळी आली तसा त्यांना खोकला आला, आणि पाळी पुढे जाईपर्यंत तो थांबला नाही. पुढच्या रविवारी प्रश्नाआधीच उठले. त्याच्या पुढच्या रविवारी गेलेच नाहीत.

बाई रस्त्यानं जाताना दिसल्या तेव्हा ते पायरीवर आले. "बाई, तुमचं एक काम तयार आहे."

"माझं कसलं काम?" बाई थांबल्या नाहीत, फक्त पाऊल सावकाश झालं. "माझं सगळं जळलं, काका. मी सगळ्यांसमोर जाळलंय." त्यानंतर त्या पलीकडच्या फुटपाथनं जायला लागल्या.

मी गेले तेव्हा काकांनी वही पुन्हा शिवली होती. माझ्यापुढे उघडून ठेवली. "तू एवढी इंजिनिअर. वाचता येतं का हे?" अक्षरांच्या वर-खाली टिंबं आणि रेघा होत्या. मला काही कळेना. "मलाही नाही," ते म्हणाले. "पण बघ, मिटत नाही."

महिन्यानं मोठे भाऊ पुन्हा पोतं घेऊन आले.

"हात दुखतात आता," काका म्हणाले.

"मग दोरा कुठं कापायचा तेवढं दाखवा. आमची पोरं करतील."

"ते असं दाखवून येत नाही, भाऊ. बारा वर्षं लागतात."

"कापायला?"

"कापायलाच."

भाऊंनी टेबलावरच्या सुरीकडे पाहिलं, मग काकांकडे. "ठीक आहे," म्हणाले आणि पोतं उचललं. चहाचं पाणी चुलीवर उकळत होतं, ते तसंच राहिलं.

त्या रविवारी मंडळाच्या लोकांनी पानं हातानं फाडली. जाड पुस्तकाला किती वेळ लागतो याचा काकांना अंदाज होता. दुकान उघडून ते पायरीवर बसून राहिले. दर वेळी चारला दिसणारा धूर सहाला दिसला. मग सभागृहातून लोक घराकडे निघाले, काही दुकानावरून गेले. कोणी खोकल्याची चौकशी केली नाही.