तीन नंबरच्या पंपाचा आवाज

त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे. अजून झालेला नव्हता, तरी म्हणायचे. लग्न ठरायच्या आधीच पोरांनी 'जावईबापू' म्हणून हाका माराव्यात तसं. पीएच.डी.चं चौथं वर्ष चालू होतं. शेजारच्या काकू एकदा गुडघा दाखवायला आल्या, तेव्हा "मी माणसांचा नाही काकू, पंपांचा," असं त्याने सांगितलं. काकूंनी त्याच्या आईकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

पण तो होताच पंपांचा. गावाला पाणी चढवणाऱ्या पंपघरात चार मोठे पंप होते. त्यातल्या तीन नंबरच्या अंगाला त्याने माईक लावला होता आणि दीड वर्ष त्याचा आवाज टिपत होता. पंपाचं बेअरिंग झिजून बसतं तेव्हा गावाचं पाणी दोन-दोन दिवस बंद पडतं. ते बसणार हे आवाजावरून आधी कळेल का, एवढाच त्याचा प्रश्न. दीड वर्षात बेअरिंग तीनदा बसलं. आणि तिन्ही वेळा, साधारण तीन आठवडे आधीपासून, आलेखात एक बारीक सरळ रेघ उमटली होती. एरवी ती कुठेच नव्हती.

त्याच्या मार्गदर्शक सरांनी ती रेघ पाहिली आणि चष्मा काढून पुसला. सर रागावले की चष्मा सारखा करतात आणि खूश झाले की पुसतात, हे त्यांच्या हाताखालच्या प्रत्येकाला पाठ होतं.

"सोन्याची रेघ आहे रे ही," सर म्हणाले. "लिहायला बस."

पेपर लिहिला, पाठवला. फेलोशिप संपायला दोन महिने उरले होते, आणि एक पेपर छापून आल्याशिवाय प्रबंध घेत नाहीत. म्हणजे चार वर्षांचं सगळं गाठोडं त्या एका रेघेवर टांगलेलं. परीक्षकांचं उत्तर आलं तेही गोड: काम चांगलं आहे, फक्त त्या आवाजाचा एक नमुना जोडा, वाचकांना ऐकता येईल असा.

आता सांगायला लाज वाटते, पण दीड वर्ष टिपलेला तो आवाज तोवर कुणी ऐकलाच नव्हता. त्यानेही नाही, सरांनीही नाही. त्यांच्या प्रयोगशाळेत आवाज बघायची पद्धत होती. माईकमधून आलं की थेट संगणकात, संगणकातून थेट आलेख. कानाला त्रास देण्याचं कुणाला कारणच पडलं नव्हतं.

त्याने हेडफोन चढवला. आधी नुसती घरघर. तांदळातले खडे वेचावेत तशी त्याने पंपाची घरघर वेचून बाजूला काढली, आणि मागे जे उरलं ते ऐकून त्याचा हात माऊसवर तसाच राहिला.

कुणीतरी तारेवर गज फिरवत होतं. एक खालचा सूर धरून हळूहळू वर चढायचं, कुठेतरी अडखळायचं, थांबायचं, पुन्हा त्याच खालच्या सुरावर यायचं. तो खालचा सूर म्हणजेच सोन्याची रेघ.

संगीताशी त्याचा संबंध शाळेच्या प्रार्थनेपुरता होता. तिथेही बाईंनी त्याला "तू नुसतं तोंड हलव" असं बजावलेलं. पण त्या दिवशी तो हेडफोन काढायचं विसरला. दुसऱ्या दिवशीही. 'तपासतोय' असं त्याने स्वतःला सांगितलं, पण तपासायला दहा मिनिटं पुरली असती. पहिल्या खेपेच्या दिवसांत जिथे गज अडखळत होता, तिथून दुसऱ्या खेपेला तो पुढे सरकला होता. तिसऱ्या खेपेला ती चढण अशी सहज पार झाली, की प्रयोगशाळेत एकटा बसलेला डॉक्टर "आलं!" असं मोठ्याने म्हणाला. मग त्याला आठवलं, की हे ऐकू येतंय म्हणजे आपला पेपर बुडालाय. मग त्याने ते पुन्हा लावलं.

चौथ्या दिवशी तो पंपघरात गेला. दुपारच्या पाळीला पंपवाले काका होते. तीस वर्षं याच चार पंपांपाशी काढलेली, निवृत्तीला चार महिने.

"या डॉक्टर! काय म्हणतोय पेशंट?"

"काका, तुम्ही इथे काही वाजवता का?"

काकांचं हसू मावळलं. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं.

"कुणी सांगितलं?"

"माईकने."

"त्या मेल्याला कान आहेत, हे माझ्या लक्षात कसं आलं नाही," काका म्हणाले आणि स्टुलावर बसले. "साहेबांना सांगणार आहेस? एकदा मेमो मिळालाय मला. कामावर वाजवतो म्हणून. दुसरा मिळाला तर पेन्शनचा कागद अडकवून ठेवतील."

"घरी का नाही वाजवत?"

"घरी दोन खोल्या, सहा माणसं. मी गज हातात घेतला की सून भांडी घासायला काढते. इथे हे चौघे एक सूर धरून बसतात, बिचारे तक्रार करत नाहीत."

"पण एरवी तर रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही नाही. फक्त त्या तीन खेपांनाच कसे आलात?"

"एरवी मी बाहेरच्या खोलीत बसतो, दार लावून. त्या दिवसांत तीन नंबर बिघडायला लागला होता. हात ठेवला की कळतं. मग स्टूल इकडे आणलं. आजारी माणसापाशी कुणीतरी बसतंच की नाही?"

"मग कुणाला सांगितलं का नाहीत?"

काकांनी फळीवरचं रजिस्टर काढून त्याच्या मांडीवर टाकलं. तिन्ही वेळा, तीन-तीन आठवडे आधी, वाकड्या अक्षरात तेच वाक्य: 'तीन नंबर बेअरिंग बघून घेणे.' खाली कुणाचीही सही नव्हती.

"वाचतं कोण?" काका म्हणाले.

परत येताना त्याने सगळे हिशेब करून पाहिले. पंपाची घरघर तशीच ठेवून नमुना जोडला, तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. पेपर छापून येईल. मग कुठल्या तरी दुसऱ्या गावात लोक त्या रेघेची वाट बघत बसतील, रेघ काही उमटणार नाही, आणि पाणी जाईल. रेघेच्या जागी खरं कारण लिहिलं, तर एका माणसाचा म्हातारपणचा घास जाईल.

सकाळी तो सरांसमोर उभा राहिला.

"सर, पेपर मागे घ्यावा लागेल. रेघ पंपाची नाही. खोलीतला दुसरा आवाज आहे. तो काढून टाकला की तिन्ही वेळा काहीच उरत नाही. मी तीनदा करून पाहिलं."

सरांनी चष्मा सारखा केला. "कसला आवाज?"

"खोलीतलाच. तपासायची जबाबदारी माझी होती, सर. मी ऐकून पाहिलंच नव्हतं."

सरांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. 

"मीही नव्हतं ऐकलं," ते म्हणाले. "पत्र दोघांच्या सहीने जाईल. फेलोशिप वाढवून मिळणार नाही, हे तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

पत्र गेलं. परीक्षकांचं उत्तर दोन ओळींचं आलं, थंड पण सभ्य. उरलेल्या दिवसांत चौथं बेअरिंग बसेल याची काही खात्री नव्हती, तरी त्याने माईक पुन्हा लावला. यावेळी रोजचं रेकॉर्डिंग रोज ऐकायचं ठरवलं. काका माईकची इतकी धास्ती घेऊन बसले होते, की त्याच्या समोर शिंकही दाबून धरत. आठवडाभर रेकॉर्डिंगमध्ये पंप होता, नुसता पंप. कामाला हवा तसा स्वच्छ. आणि ऐकताना डॉक्टरला करमेना.

सोमवारी दुपारी त्याने माईकची वायर काढली, गुंडाळली, पिशवीत घातली आणि पंपघराचं दार आतून लावून घेतलं.

"काका, तासभर बंद आहे."

 काका उठले, कपाटामागून कापडात गुंडाळलेलं वाद्य काढलं आणि खुंट्या पिळत विचारलं, "बसणार की जाणार?"

तो भिंतीला टेकून जमिनीवर बसला.